परक्या राज्यातली स्वस्त पदवी



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी 'हैदराबादेतले नेपाळी विद्यार्थी' असं सांगितलं. पलीकडून जरा वेळाने प्रश्न आला, "याचा मराठीशी काही संबंध?" प्रश्न रास्त होता. मराठी व्याख्यानमालेला मराठी माणसं येतात आणि त्यांना आपल्याबद्दल ऐकायचं असतं. पण मला जे सांगायचं आहे ते आपल्याबद्दलच आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या पिढीतले कितीतरी जण परभणी, नांदेड, बीडकडून पदवीसाठी या हैदराबाद शहरात आले. आज धनगढी, जनकपूर, बुटवलची मुलं तशीच येतात, म्हणून हा विषय.

सुरुवात 1918 सालापासून करतो, कारण त्या एका सालात दोन राजवटींनी एकाच प्रकारचं काम केलं. काठमांडूत राणा पंतप्रधान चंद्र शमशेर यांनी त्रिचंद्र कॉलेज काढलं, नेपाळातलं पहिलं कॉलेज. इकडे हैदराबादेत सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. प्रजा शिकली तर प्रश्न विचारते, हे दोन्ही दरबारांना ठाऊक होतं. हे कॉलेज काढून आपण आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली, असं चंद्र शमशेर म्हणाले होते, अशी आख्यायिका नेपाळात अजून सांगतात. ती खरी असो वा नसो, पुढे झालं मात्र तसंच. त्रिचंद्रला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार नव्हता. परीक्षा आधी कलकत्त्याच्या विद्यापीठाची, मग पाटण्याच्या. नेपाळचं स्वतःचं विद्यापीठ, त्रिभुवन विद्यापीठ, निघालं थेट 1959 साली. तोपर्यंत ज्याला पुढे शिकायचं त्याने डोंगर उतरून बनारस, पाटणा किंवा कलकत्ता गाठायचं. विश्वेश्वरप्रसाद कोइराला बनारसला शिकले, कायदा कलकत्त्याला केला. पुढे ते नेपाळचे पहिले निवडून आलेले पंतप्रधान झाले. नेपाळातली लोकशाही भारतातल्या वसतिगृहांत जन्मली असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

आता आपलं बघा. निजामाच्या राज्यात सुमारे निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त मराठी, त्याखालोखाल कानडी आणि उर्दू साधारण दहा टक्क्यांची. विद्यापीठ उभं राहिलं ते उर्दू माध्यमाचं. भारतीय भाषेतून विज्ञान, वैद्यक, कायदा शिकवण्याचा तो पहिला मोठा प्रयोग होता. त्यासाठी अनुवादाचं स्वतंत्र खातं काढलं होतं आणि त्यातून शेकडो पाठ्यपुस्तकं तयार झाली. या प्रयोगाबद्दल मला मनापासून आदर आहे. आज आपण मराठीतून अभियांत्रिकी शिकवण्याच्या घोषणा करतो, तेव्हा उस्मानियाने केलेल्या कामाकडे एकदा तरी बघायला हवं. पण ज्याच्या घरात मराठी होती त्याला भारतीय भाषेत म्हणून मिळालेलं हे शिक्षण परभाषेतच होतं. निजाम कॉलेज इंग्रजी माध्यमाचं, मद्रास विद्यापीठाला जोडलेलं. म्हणजे मराठवाड्यातल्या मुलापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही दुसऱ्याच्या भाषेच्या.

तिसरी वाट पुण्या-मुंबईची. ती इंग्रजी मुलखात जात होती आणि महाग होती. औरंगाबादला इंटरपर्यंतची सोय होती. पदवीपर्यंत शिकवणारं कॉलेज 1950पर्यंत मराठवाड्यात नव्हतं. म्हणून मनमाडहून निघालेली छोट्या रुळांची गाडी औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत काचीगुड्याला यायची आणि तिच्यातून ट्रंक, वळकटी आणि तुपाची बरणी घेतलेली मुलं उतरायची. राज्य एकच होतं, पण भाषा, लिपी, जेवण, दरबारी रीत सगळं वेगळं. कागदोपत्री ते परदेशी नव्हते, वागावं मात्र परदेशात असल्यासारखं लागे.

या मुलांना शिक्षण परवडलं कसं? फी हा खर्चाचा लहान भाग होता. खरा खर्च राहण्याचा आणि जेवणाचा. तो ज्याने त्याने आपापल्या परीने भागवला. नरहर कुरुंदकरांचं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. वसमतकडचा हा मुलगा इंटरसाठी सिटी कॉलेजात आला तेव्हा त्याचे मामा, डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानियात मराठीचे प्राध्यापक होते. मामाचं घर हेच वसतिगृह आणि मामाची पुस्तकं हेच ग्रंथालय. कुरुंदकर इंटरला नापास झाले, तेही एकदा नव्हे. पण त्या घरात त्यांनी जे वाचलं त्याच्या जोरावर पुढे अख्ख्या महाराष्ट्राने त्यांना ऐकलं. शिष्यवृत्तीच्या कुठल्याही रकमेत हे बसत नाही.

ज्यांना मामा नव्हते त्यांनी वार लावले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सुलतान बाजार, काचीगुडा, चप्पल बाजार या भागांतल्या मराठी घरांनी अशी कितीतरी मुलं जेवू घातली. या शहरातल्या मराठी समाजाचं हे पुण्य आहे आणि ते आपण अभिमानाने सांगतो. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारख्या माणसांनी विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्थाही उभी केली. पण या पुण्याची दुसरी बाजूही इथे बोलायलाच हवी. वार मिळायचे ते जात बघून. ब्राह्मणाच्या मुलाला सात घरं सापडत. महाराच्या, मांगाच्या मुलाला एकही नाही. त्याच्यासाठी स्वस्त पदवी नव्हतीच, कारण त्याला खोलीही कोणी देत नसे. माधुकरीच्या आठवणी सांगताना आपला आवाज ओला होतो, तेव्हा कोणाला दारातूनच परत पाठवलं गेलं हे आठवण्याची आपल्याला सवय नाही.

डॉ. आंबेडकरांना हे जितकं कळत होतं तितकं दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं, कारण जातीमुळे बंद झालेलं दार आणि दुसऱ्याच्या पैशावरचं शिक्षण, या दोन्ही गोष्टी त्यांनी भोगल्या होत्या. 1913 साली बडोद्याच्या सयाजीरावांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला गेले, तिथे अभ्यास चालू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917मध्ये अर्धवट काम टाकून परतावं लागलं. पुन्हा लंडनला जायला 1920 उजाडलं. मध्ये त्यांनी सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिलं. दुसऱ्याच्या पैशावर, दुसऱ्याच्या भूमीवर शिकणाऱ्याच्या डोक्यावर ही तलवार कायम असते. देणाऱ्याचं मन, त्याचं धोरण किंवा त्याची तिजोरी यांतलं एक काहीतरी बदलतं आणि विद्यार्थी बोटीवर बसतो. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादला कॉलेज काढलं, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं, त्यामागे हा सगळा हिशोब होता. मुलाला हैदराबादला पाठवण्यापेक्षा कॉलेज मुलाजवळ आणायचं आणि त्याला वसतिगृह जोडायचं. त्याच वर्षी स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. दोन्ही कॉलेजं सुरुवातीला उस्मानियालाच जोडलेली होती. मराठवाडा विद्यापीठ झालं 1958 साली. गाडीभाडं, खोली, खानावळ हे तिन्ही खर्च एका पिढीत गेले. मराठवाड्यात पदवी खऱ्या अर्थाने स्वस्त झाली ती तेव्हा.

मात्र त्याच्या आधीचं एक प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. 1938चा हिवाळा. उस्मानियाच्या वसतिगृहातली हिंदू मुलं प्रार्थनेच्या खोलीत 'वंदे मातरम्' म्हणत. विद्यापीठाने बंदी घातली. मुलांनी माघार घेतली नाही, हरताळ झाला आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावं पटावरून कापली गेली. त्यात तेलुगू होते, मराठी होते, कानडी होते. एका दिवसात वसतिगृह गेलं, मेस गेली, वर्ष गेलं. आजूबाजूची विद्यापीठं निजामाला दुखवायला तयार नव्हती. दार उघडलं ते नागपूर विद्यापीठाने. तेव्हाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना प्रवेश दिले. हैदराबादच्या मुलांना नागपूर हा तर शब्दशः दुसरा मुलूख होता, तिथे इंग्रजांचं राज्य होतं. तिथल्या लोकांनी त्यांना खोल्या दिल्या, चालवून घेतलं.

त्या मुलांतला एक तेलुगू मुलगा करीमनगरकडचा. पुण्याला फर्ग्युसनमध्ये आणि नागपूरला शिकला, मराठी अशी आत्मसात केली की ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्याने तेलुगूत नेली. 1991मध्ये तो भारताचा पंतप्रधान झाला. पी. व्ही. नरसिंह राव. त्या कादंबरीतल्या यमूचं दुःख तेलुगू वाचकाला कळलं ते एका विद्यापीठाने हाकललेल्या आणि दुसऱ्याने घेतलेल्या विद्यार्थ्यामुळे. नागपूरने त्या प्रवेशांवर फार तर काही बाकं खर्च केली असतील.

आणखी एक, थोडक्यात. सप्टेंबर 1948मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आलं, आणि उस्मानियाचं माध्यम उर्दूवरून इंग्रजीवर गेलं. निर्णय योग्य की अयोग्य हा वाद मी आज काढत नाही. पण मधल्या वर्षांत शिकत असलेल्या मुलांचं काय झालं असेल? ज्या मराठी मुलाने कष्टाने उर्दू शिकून घेतली त्याची ती कमाई एका परिपत्रकाने उणी झाली. ज्या मुसलमान मुलाची ती घरची भाषा होती त्याचं तर विद्यापीठच हातातून गेलं.

आता नेपाळी मुलांकडे येऊ.

नेपाळातून दरवर्षी लाखाच्या वर तरुण परदेशी शिक्षणासाठी सरकारचं ना-हरकत पत्र घेतात. काठमांडूत पुतलीसडक, बागबजार या भागात फिरलात तर दुकानांच्या माळ्यामाळ्यावर 'कन्सल्टेन्सी'च्या पाट्या दिसतील. ऑस्ट्रेलिया, जपान, कॅनडा. ज्याचे आईबाप शेत विकू शकतात किंवा ज्याचा भाऊ कतारहून पैसे पाठवतो तो तिकडे जातो. ज्याला तेवढं जमत नाही तो भारतात येतो. भारतात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत नेपाळी सगळ्यात जास्त, अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार सुमारे अठ्ठावीस टक्के. जगभरच्या शिक्षणाच्या बाजारात ज्याला आपण परदेशी विद्यार्थी म्हणून ओळखतच नाही असा हा परदेशी विद्यार्थी.

त्याला भारत का परवडतो? पहिलं कारण 31 जुलै 1950चा भारत-नेपाळ करार. नेपाळी नागरिकाला इथे यायला व्हिसा लागत नाही, राहायला परवाना लागत नाही, काम करायलाही आडकाठी नाही. ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्याला दर पंधरवड्याला किती तास काम करायचं याचा हिशोब द्यावा लागतो. इथे शिकणाऱ्या नेपाळी मुलाला तो प्रश्नच नाही. दुसरं कारण चलन. 1993पासून भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी रुपये, दर ठरलेला. डॉलर वर गेला तरी बापाचं अंदाजपत्रक कोसळत नाही. तिसरं कारण वेळ. त्रिभुवन विद्यापीठाच्या बहुतेक पदव्या आता चार वर्षांच्या आहेत आणि निकाल लांबतात ही तिथल्या विद्यार्थ्यांची कायमची तक्रार आहे. इथे तीन वर्षांत पदवी हातात पडते. गरीब घरात एक वर्ष म्हणजे एका माणसाची वर्षाची मिळकत. शिवाय काठमांडूतल्या भारतीय दूतावासाकडून काही शिष्यवृत्त्या मिळतात, आणि काही विद्यापीठांत सार्क देशांच्या विद्यार्थ्यांना फी कमी असते.

आणि हैदराबादच का? रक्सौलहून हैदराबादला थेट गाडी आहे, बीरगंजची मुलं सीमा ओलांडून तिच्यात बसतात. आधी आलेला कोणीतरी इथे असतोच, हॉटेलात, सोसायटीच्या गेटवर, मोमोच्या गाडीवर. मराठवाड्यातून येणाऱ्याला मामा होते, याला गावचा दाजू, म्हणजे थोरला भाऊ, असतो. कंप्यूटरच्या नोकऱ्यांचं शहर म्हणून नाव आहे. बीसीए, बीकॉम, हॉटेल मॅनेजमेंट, नर्सिंग शिकवणारी कॉलेजं गल्लोगल्ली आहेत. हिंदी नेपाळात बहुतेकांना समजते, आणि या शहरातली दखनी दोन महिन्यांत कानाला लागते. तेलुगू पाट्या वाचता येत नाहीत, पण त्या आपल्यातल्या तरी कितीजणांना येतात?

इथवर सगळं सोपं वाटतं. अडचण सुरू होते ती खोलीपासून. घरमालक आधार मागतो. वर्षभरात 182 दिवस इथे राहिल्याशिवाय आधार मिळत नाही, आणि आधार दाखवल्याशिवाय राहायला जागा मिळत नाही. मग दलालाला जास्त पैसे देऊन एका खोलीत सहा-सहा जण राहतात. एखाद्या बंगल्यात चोरी झाली आणि त्यात नेपाळी नोकर सापडला की पेपरात 'नेपाळी टोळी' असा मथळा येतो. दुसऱ्या दिवशी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, त्या चोराला जन्मात न पाहिलेल्या मुलाला खोली सोडायला सांगतात. आपल्यातले सुशिक्षित लोक हे करतात. वर्गात त्याला 'बहादूर' म्हणतात आणि त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटत नाही. वॉचमनच्या मुलाने पदवी घ्यावी हेच अनेकांना विनोदी वाटतं. जातीच्या नावाने दार बंद करण्याची सवय आपण सोडली असेल, दार बंद करण्याची नाही.

दुसरी अडचण दलाल. तिकडची कन्सल्टेन्सी इकडच्या काही खासगी कॉलेजांकडून डोई कमिशन घेते आणि मुलाला ते सांगत नाही. विद्यापीठ अनुदान आयोग दरवर्षी बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करतो. ती यादी बुटवलच्या गरीब बापापर्यंत पोचत नाही. मुलगा तीन वर्षांनी परततो आणि समकक्षतेचं प्रमाणपत्र घ्यायला जातो, तेव्हा पदवी चालत नाही असं कळतं. अशी स्वस्त पदवी सगळ्यात महाग पडते.

आणि तिसरी अडचण ती, जी 1938च्या मुलांना आली होती. फेब्रुवारी 2025मध्ये भुवनेश्वरच्या एका खासगी विद्यापीठात एका नेपाळी विद्यार्थिनीचा वसतिगृहात मृत्यू झाला. मुलांनी जाब विचारला. तर नेपाळी विद्यार्थ्यांना सामान बांधायला लावून वसतिगृहाबाहेर काढलं, बसमध्ये घालून रेल्वे स्टेशनवर सोडलं. कित्येकांकडे तिकिटाचे पैसे नव्हते. नेपाळ सरकारने दूतावासाचे अधिकारी पाठवल्यावर, आरडाओरडा झाल्यावर त्यांना परत बोलावलं. सत्याऐंशी वर्षांत राजे गेले, लोकशाही आली, पण पाहुण्या विद्यार्थ्याने तोंड उघडलं की त्याची ट्रंक बाहेर ठेवायची ही रीत तशीच राहिली.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. परक्या मुलखातली पदवी स्वस्त असते ती कोणीतरी दिलेल्या सवलतीमुळे, आणि सवलत काढून घेता येते. फी किती हे विद्यापीठ ठरवतं, करार टिकेल का हे दोन सरकारं ठरवतात. त्यात आपल्या हातात फारसं काही नाही. पण राहण्या-जेवणाची जी बाजू आहे, ज्यात खर्च जास्त आणि अपमान त्याहून जास्त, ती सगळी शहराच्या हातात आहे. 1938मध्ये नागपूरकरांनी ती निभावली. सुलतान बाजारातल्या घरांनी ती निम्मीच निभावली, पण निभावली.

कोणी म्हणेल, आमच्याच मराठवाड्याच्या मुलांना आज इथे खोली मिळत नाही, त्यांचं आधी बघा. खरं आहे. आजही लातूर-नांदेडची मुलं इथल्या केंद्रीय विद्यापीठांत आणि नोकरीच्या क्लासांना येतात, त्यांच्या खोल्यांचे हाल मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी जे कराल तेच नेपाळी मुलांसाठी करा, वेगळं काही नको. उलट मराठी मुलाला गावाकडून कोणी ना कोणी येऊन भांडतं. रोल्पाच्या मुलासाठी कोण येणार? आणि हेही विसरू नका की आपली मुलं डॉक्टर व्हायला पोखऱ्याला जातात. तिथलं मणिपाल मेडिकल कॉलेज 1994मध्ये सुरू झालं, त्यात भारतीय मुलं नेहमी राहिली आहेत. आपल्या मुलाला तिथल्या घरमालकाने कसं वागवावं असं आपल्याला वाटतं, तेवढी अपेक्षा इथेही पुरेशी आहे.

म्हणून या सभागृहात बसलेल्यांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. ज्यांच्याकडे भाड्याने द्यायची खोली आहे त्यांनी आधारऐवजी नेपाळी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि कॉलेजचं ओळखपत्र घेऊन ती द्यावी आणि पोलिसांकडे रीतसर नोंद करावी. ज्या मराठी संस्थांकडे जागा आहे त्यांनी प्रवेशाच्या दिवसांत, जून ते ऑगस्ट, बाहेरून येणाऱ्या मुलांना पंधरा दिवस उतरायला द्यावी, मुलगा नांदेडचा असो की नेपाळगंजचा. आणि निवृत्त झालेल्या प्राध्यापकांनी, वकिलांनी, बँकेतल्या मंडळींनी एका-एका विद्यार्थ्याचं स्थानिक पालक व्हावं. वर्षातून चार फोन आणि एखादी सही, इतकंच त्यात असतं. कॉलेजची मान्यता तपासून देणं हेही त्यातच आलं.

बाहेरच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांना हे जमेल त्यांनी जाताना तिच्यात नाव आणि फोन नंबर लिहून जावं.